उजव्या पायाची पेन्शन

गल्लीत तिला सगळे कॉलरवाली म्हणत. तिनं शिवलेला शर्ट घातला की माणसाची मान आपोआप ताठ होई. पायानं चालवायच्या मशीनवर तिनं घर ओढलं, म्हाताऱ्या आईला सांभाळलं. पण जिन्यावरून पडून मोडलेला उजवा घोटा वाकडाच जुळला होता. सांध्यातली गादी झिजून आता हाडावर हाड घासत होतं. पायडल मारताना ती ओठ गच्च आवळून बसे.

सर्जनबाईंनी एक्स-रे खिडकीशी धरला. "सांधा साफ करून हाडं स्क्रूंनी जोडून टाकू. दुखणं जाईल, पण घोटा पुन्हा वर-खाली होणार नाही."

"म्हणजे पायडल?"

"या पायानं नाही."

घरी आईनं कपाळाला हात लावला. "मोटर बसव बाई. कशाला जिवाचा आटापिटा?"

"बसवून पाहिलीय. कॉलरच्या टोकाशी थांब म्हटलं की ती दोन टाके पुढे जाऊन थांबते. डावा पाय आहे की मला!"

"त्याला जन्मात कधी कामाला लावलंयस?"

"म्हणून तर ताजातवाना आहे."

ऑपरेशन झालं. पाय गुडघ्यापर्यंत प्लॅस्टरमध्ये आणि जमिनीला टेकवायचा नाही, अशी सक्त ताकीद. जखम भरल्यावर तिनं सर्जनबाईंना विचारून घेतलं आणि उजवा पाय स्टुलावरच्या उशीवर ठेवून मशीनसमोर बसली. आईनं स्टूल दोन्ही हातांनी धरून ठेवलं, जणू ते पळूनच जाणार होतं.

डाव्या पायानं पायडल दाबलं. चाक उलटं फिरलं, दोरा तटकन तुटला. पुन्हा ओवला, पुन्हा तुटला. ही तर पहिल्या दिवशीच्या शिकाऊ पोरींची चूक! तिला रडू आलं नाही, राग आला. तिनं सुई काढून ठेवली आणि मशीन नुसतंच चालवायला घेतलं. हातानं चाक आपल्याकडे ओढायचं, मागोमाग डावी टाच. रोज दुपारी तेच.

"हलला! उजवा हलला, मी पाहिला!" आई मध्येच ओरडे.

"प्लॅस्टरमध्ये कसा हलेल?"

"स्क्रू ढिले झाले म्हणजे?"

"मग तूच आवळ. पेचकस खणात आहे."

प्लॅस्टर निघालं. नव्या एक्स-रेत हाडं एकजीव झालेली दिसली. सर्जनबाईंनी बजावलं, "चाला, पण पायडलवर उजवा पाय नको हं."

"त्याला पेन्शन दिलीय."

घरी येताच तिनं सुई बसवली, दोरा ओवला, पांढरी कॉलर सुईखाली सरकवली. चाक ओढलं. डावी टाच खाली गेली, चाक सुलट धावलं. टोकाशी ती थांबली. मशीनही तिथेच थांबलं. आईनं कॉलर उजेडात नेऊन दोन्ही टोकं एकमेकांवर ठेवून पाहिली आणि सवयीनं स्टूल पायाखाली सरकवलं.

"अगं, आता कशाला?"

"पेन्शनीतला माणूस उभा राहतो होय?"

तिनं हसत पाय वर ठेवला आणि दुसरी कॉलर घेतली.