चिखलातले दाणे

चुन्याच्या पाण्यात मका शिजत होता आणि नुकत्याच चुना दिलेल्या भिंतीसारखा वास किचनभर पसरला होता. तेवढ्यात हातातला डबा निसटून उरलेला मका सगळीकडे सांडला. “आई, जस्ट व्हॅक्यूम इट!” बेसमेंटकडे जाता जाता लेक म्हणाली. मी मात्र खाली बसून दाणे वेचायला घेतले.

कॅनडात ग्वेल्फ विद्यापीठात शेतीशास्त्र शिकत असताना मी ग्वाटेमालाच्या डोंगरात माया जमातीच्या एका कुटुंबाकडे राहिले होते. त्यांची मुलगी तोमासा सहा वर्षांची. उजाडायच्या आत ती असाच शिजलेला मका ओढ्यावर धुवायला न्यायची. पाठीवर शालीत बांधलेला धाकटा भाऊ असायचाच. तो धुतलेला मका आई पाट्यावर वाटायची, मग चूल पेटायची.

एका सकाळी मीही तिच्याबरोबर गेले. परतताना धुक्यात तिचा पाय घसरला आणि मूठभर दाणे चिखलात पडले. भावाने भोकाड पसरलं. तिने पाटी खाली ठेवली आणि एकेक दाणा वेचू लागली.

“अगं, आधी त्याला बघ ना,” मी मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये म्हटलं.

“दाणे टाकून गेलं तर मका रडतो,” मान वर न करता ती म्हणाली.

किती गोड श्रद्धा, असं तेव्हा वाटलं होतं मला. मी त्या पोराला थोपटत राहिले. तो काही गप्प होईना.

ते रडणं भुकेचं होतं. तो कशाने गप्प होईल, हे आम्हा दोघींत फक्त तिलाच ठाऊक होतं.