मुठीतला पतंग

शारजात केळ्यांच्या गोदामात मी क्लार्क होतो आणि माझा एक सोबती चेकर. प्रत्येक खोक्यावर टिचकी मारून, आत कीड हलतेय का म्हणून तो आधी कान लावायचा. कीडमुंगी मात्र मारायचा नाही. "आपल्याच्यानं होत नाय," म्हणायचा. मला ते आवडायचं.

एकदा दूरच्या एका बेटावरनं आलेल्या मालात पतंग निघाला. नखाएवढा, राखी, पंखांना पांढरी झालर, वर दोन सोनेरी ठिपके. तेवढ्यात इन्स्पेक्टर आला. बाहेरची कीड इथल्या बागांत पसरू नये म्हणून, एक जरी दिसली तरी अख्खा कंटेनर परत जायचा. यानं पतंग उचलून मूठ मिटली.

"कुछ निकला?"

"नहीं साब, सब साफ."

इन्स्पेक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मीही "साफ" म्हणालो.

इन्स्पेक्टर गेल्यावर मी पुटपुटलो, "अरे, मार आता."

त्यानं मागच्या दारात जाऊन मूठ उघडली. पतंग उडाला. समोर खजुराची बाग होती.