बहिणीच्या सासऱ्यांचे एकशे बेचाळीस प्रसंग

एका सिनेमाचा जेवढा पिच्छा माझ्या बहिणीच्या सासऱ्यांनी पुरवला, तेवढा तो काढणाऱ्यानंही पुरवला नसेल. सिनेमा कुठल्याशा परदेशातला, हिंदीत डब केलेला. एक जादूगार एका गावाची नदी चोरतो आणि गावातली मुलगी सात डोंगर ओलांडून ती परत आणते, एवढीच गोष्ट. वाटेत बोलणारं अस्वल, हवेत लटकणारा पूल, काचेच्या महालातली राणी वगैरे मंडळी. रिटायर झाल्यावर काकांनी (मी त्यांना काकाच म्हणतो) तो मांजर्लीच्या आपल्या तळमजल्यावरच्या घरात टीव्हीवर पाहिला, तोही मधूनच. हे अस्वल नक्की कुणाच्या बाजूचं, असं त्यांनी विचारलं, तर घरात कुणालाच सांगता येईना. मोरिवलीच्या एका कारखान्यात तीस वर्षं माल तपासण्यात गेलेली. अर्धवट माहितीवर पुढे सरकायची त्यांना सवयच नव्हती. "मधेच येऊन बसणाऱ्या माणसाची काही सोय नको का?" असं म्हणून त्यांनी एक रजिस्टर आणलं, मुलाकडून सिनेमा पेनड्राइव्हवर घेतला आणि पहिल्या प्रसंगापासून लिहायला बसले.

प्रसंग क्रमांक, ठिकाण, कोण कोण हजर, कोण काय बोललं आणि शेवटचा रकाना 'चुका'. हा शेवटचा रकाना त्यांचा फार लाडका. जखम डाव्या दंडाला झाली आणि पुढच्या प्रसंगात पट्टी उजव्या दंडाला निघाली, तेव्हा त्यांना झालेला आनंद मी स्वतः पाहिलाय. "आमच्याकडे हा माल गेटबाहेर गेला नसता," ते म्हणाले. राणीच्या झग्याचं कापड कुठलं, हे टीव्हीवरून कळेना, म्हणून मोबाइलवर फोटो काढून ते थेट उल्हासनगरच्या मार्केटात गेले. मी सोबत होतो. सिंधी दुकानदारानं चष्मा वर करून फोटो पाहिला आणि म्हणाला, "काका, ये तो परदे का कपडा है. कितना मीटर दूँ?" काकांनी एक मीटरही घेतलं नाही, पण घरी येऊन रजिस्टरात लिहिलं: 'राणीचा झगा पडद्याच्या कापडाचा आहे. खात्री केली.'

हे सगळं ते मोठ्यानं वाचत वाचत लिहीत. पाहुणा आला की पाण्याआधी प्रश्न यायचा, "पूल कोसळतो तेव्हा त्यावर घोडे किती?" माझी बहीण ओट्याशी पोळ्या लाटत असायची. सासरा-सुनेचं बोलणं दिवसाला दोन वाक्यांचं. "पप्पा, जेवायला वाढलंय" हे एक आणि "हं" हे दुसरं. भांडण नव्हतं, पण बोलण्यासारखं कधी काही निघालंच नव्हतं. मला मात्र ती फोनवर सांगायची, "दादा, त्या अस्वलानं माझं डोकं उठवलंय."

दोन वर्षांपूर्वी जुलैत उल्हास नदीचं पाणी दुपारी त्यांच्या पायऱ्यांना लागलं. मांजर्लीत हे अधूनमधून होतंच, पण त्या दिवशी ते थांबेना. घरात काका आणि बहीण दोघंच. ती ओरडतेय, "पप्पा, आधी गहू उचला!" आणि काका उशीच्या अभ्र्यात रजिस्टरं भरून तिसऱ्या मजल्यावर निघालेले. गहू तिनंच उचलले, गॅसची टाकी शेजाऱ्यांनी वर नेली, फ्रिज तरंगला. "नदी शोधायला सात डोंगर कशाला हिंडायचं," ती जिन्यात उभी राहून चिडून म्हणाली, "आपल्या हॉलमध्ये आलीय बघा!" काकांनी अभ्रा उघडून मोजलं होतं. एकशे बेचाळीस प्रसंगांच्या पाच रजिस्टरांपैकी चारच वर आली होती. तिसरं टीव्हीखाली राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी अंबरनाथहून गेलो. चिखल काढून झाला होता. काका गच्चीवर ते रजिस्टर एकेक पान सोडवून वाळवत होते. पानांवर अक्षरं नव्हती, नुसते निळे ओघळ होते. प्रसंग एकसष्ट ते नव्वद. पेनड्राइव्हही पाण्यात गेला होता, मुलाकडेही तो सिनेमा उरला नव्हता आणि पुन्हा कुठं मिळेना. त्यानंतर काकांनी राहिलेल्या रजिस्टरांना हात लावला नाही. पाहुण्यांना पाणी आधी मिळायला लागलं. ते खुर्चीत बसून राहायचे आणि जेवायला बोलावलं की "हं"सुद्धा म्हणत नसत.

पंधरा-वीस दिवस बहिणीनं हे पाहिलं. मग एका दुपारी तिनं नवं रजिस्टर त्यांच्या पुढ्यात ठेवलं, पोळपाट घेतला आणि लाटता लाटता म्हणाली, "लिहा. प्रसंग एकसष्ट. काचेचा महाल, बाहेरची बाजू. मुलगी आणि अस्वल. अस्वल म्हणतं, मैं अंदर नहीं आऊँगा, मेरे पाँव मैले हैं."

काकांनी मान वर केली. "तुला कसं माहीत?"

"सहा वर्षं ऐकतेय मी. लिहा पुढं."

रोज दुपारी एक प्रसंग, असं महिनाभर चाललं. काका मधे शंका काढायचे, "दिवा आधी विझतो ना?" ती म्हणायची, "नाही पप्पा, आधी दार वाजतं." आणि तेच बरोबर असायचं. नव्वदावा झाला त्या दिवशी त्यांनी पेनाला टोपण लावलं. तिच्या पोळ्याही झाल्या होत्या. मग काका म्हणाले, "तुझी आई कशी होती गं? मी तुमच्या लग्नातच काय ती पाहिली."

आई जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. बहीण दिवेलागणीपर्यंत बोलत होती. काकांनी काही लिहिलं नाही, फक्त मधे मधे विचारलं. रात्री तिचा मला फोन आला. "दादा, पप्पांनी मला विचारलं, 'सासरी निघताना आई तुला शेवटचं काय म्हणाली?' मला आठवेचना रे. तू गाडीपाशीच होतास ना? काय म्हणाली होती?"

मी गाडीपाशीच होतो. दार मीच धरलं होतं, आई वाकून आत काहीतरी बोलली होती, हे स्पष्ट दिसतं. शब्द काही केल्या आठवत नाहीत.