दुसरा रूळ मंजूर झाला

उपनगरी गाडीच्या त्या मार्गावर एकच रूळ होता. समोरून एक गाडी आली की दुसरीने मधल्या स्टेशनात ताटकळायचं. तिथे माईकवर बोलणाऱ्या बाईंना सगळे मैना म्हणत. एकोणीस वर्षं त्या काचेच्या खोलीत बसून लोकांना उशीर सांगत होत्या.

दुसऱ्या रुळासाठी निधी द्यायचा का, हे ठरवायला समिती बसली. स्टेशनमास्तर मैनाबाईंना सोबत घेऊन गेले. अध्यक्ष म्हणाले, "गाडी कधीमधी उशिरा येते. त्यासाठी एवढा खर्च कशाला?"

बाई उठल्या. हातात चिटोरंसुद्धा नव्हतं. नेहमीच्या सुरात त्यांनी सुरुवात केली, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. सोमवारची सात बाराची गाडी तेवीस मिनिटे उशिराने. मंगळवारची एकतीस मिनिटे..." शुक्रवार येईतो मागच्या रांगेत खसखस पिकली. बाई मागल्या महिन्यात शिरल्या, तेव्हा अध्यक्षांनी तोंडापुढे फाईल धरली.

"बाई, हे सगळं पाठ केलंत?"

"पाठ कशाला करायचं साहेब? जिभेवरच बसलंय."

निधी मंजूर झाला. घरी आल्यावर बाईंचे पाय जमिनीला लागेनात. शिंपी नवऱ्याचं मशीन थांबवून त्यांनी त्याला दोनदा सगळं ऐकवलं.

"अगं, चहात मीठ घातलंस," तो म्हणाला.

"प्या हो. आज सगळं गोडच लागेल."

त्याने खरंच कप रिकामा केला.

अडीच वर्षांनी दुसरा रूळ सुरू झाला. पहिल्या सकाळी बाईंनी माईक उघडला. "सात बाराची गाडी सात वाजून बारा मिनिटांनी..." आणि पुढे त्यांना हसूच फुटलं. सगळ्या फलाटावर ते खिदळणं घुमलं. माईक बंद करायला धावत आलेले मास्तर दाराची चौकट धरून हसत बसले.

गाडी आली आणि गेलीही. निम्मे प्रवासी उशिराच्या भरवशावर अजून घरीच होते. एक कारकून बूट हातात घेऊन धापा टाकत खिडकीशी आला.

"गाडी गेली कशी?"

"वेळेवर गेली."

"असं कसं? आमच्या जिवावर उठलात की तुम्ही."

"दादा, पुढची सात बावीसला आहे," डोळे पुसत बाई म्हणाल्या. "तीही वेळेवर येणार. तेव्हा आधी बूट घाला."

कारकून बाकावर बसला. उजवा बूट डाव्या पायात कोंबत तोही हसायला लागला.