मळवली की लोणावळा?

लढाईचे दिवस होते. देहूरोडच्या लष्करी डेपोत माझी नवी नोकरी, लग्नही नवं, आणि बायको कार्ल्याला माझ्या आईजवळ... शनिवारी अर्धी ड्युटी संपली की धावत जाऊन गाडी पकडायची, एवढंच आठवडाभर डोक्यात.

पण घरी पोचून तरी काय? वडीलधाऱ्यांसमोर नवरा-बायकोनं बोलायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. रात्री ती आईशेजारी माजघरात, मी पडवीत... आणि रविवारी संध्याकाळी परत डेपो.

एका शनिवारी मात्र ती मळवली स्टेशनाबाहेर अचानक भेटली, डोक्यावर गवताचा भारा. भाताच्या बांधावरून घरापर्यंत आम्ही नुसते बोलत आलो. घर दिसलं तेव्हा मला रडूच यायचं बाकी होतं.

पुन्हा असंच वाटेत भेटावं असं दोघांच्याही मनात, पण घरात बोलून ठरवायची सोय नाही. पुढच्या शनिवारी मी विचार केला... हिला लोणावळ्याचा बाजार आवडतो, ती तिथंच येणार. म्हणून एक स्टेशन पुढं गेलो. तिनं विचार केला, ह्यांना मळवलीची वाट आवडते. ती तिथं उभी, आणि मी त्याच गाडीतून, पलीकडच्या खिडकीशी बसून, सरळ पुढं!

घरी आईच्या बोलण्यातून हे कळलं. मग त्याच्या पुढच्या शनिवारी मी शहाणपणा करून मळवलीला उतरलो. आणि बाईसाहेब शहाणपणा करून लोणावळ्याला...

खूप वर्षांनी गणित शिकवायला लागलो, तेव्हा हाच खेळ पुस्तकात भेटला. दोन खेळाडू, आपसात बोलायचं नाही, प्रत्येकापुढं दोन वाटा, म्हणून चार चौकोनांचा तक्ता. ज्या चौकोनातून दोघांपैकी कुणालाच एकट्यानं हलावंसं वाटत नाही, तो समतोल. आमच्या तक्त्यात असे दोन होते... दोघं मळवलीला, नाहीतर दोघं लोणावळ्याला. त्यातला कुठला, हे ठरवायचं कसं, तिथंच तर आमचं घोडं अडलं होतं.

ते हिनं सोडवलं. रविवारी सकाळी मी चहा पीत होतो. ही माझ्याकडे न बघता, जरा मोठ्यानंच आईला म्हणाली, "आत्याबाई, येत्या शनिवारी मीठ आणाया लोणावळ्याला जाते. मळवलीला न्हाई जायची."

माझा कप हातातच राहिला. तिनं आपली चाल आधीच उघड केली होती... आता मी दुसरीकडे कशाला जातोय?

आईनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "मीठ हाय की मडकंभर," ती म्हणाली. मग तीच चुलीकडे तोंड फिरवून म्हणाली, "जा बाई. पर दिस मावळायच्या आत दोघंबी या."

त्या शनिवारी लोणावळ्याहून कार्ल्यापर्यंत चालत आलो. एवढा लांबचा रस्ता, पण मला तो फार लवकर संपल्यासारखा वाटला. आईचे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत, ते आज इथं लिहितो.

ही जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा मुलाबरोबर गाडीनं जात होतो, मळवली आलं, आणि इतकी आठवण आली तिची... उतरावं की पुढं जावं, दोन्ही सारखंच होतं. चुकामूक व्हायलासुद्धा दुसरीकडे कुणीतरी आपली वाट बघत असावं लागतं.