मागच्या रांगेतली पिंपं

संचालक मंडळावर एक तरी बाई हवी असा कायदा, म्हणून मानपाड्याच्या एका रंगांच्या कंपनीने मला घेतलं. मी बँकेतून नुकतीच निवृत्त झालेली. वय साठ, अक्कल नऊ वर्षांची. बैठकीला साडी कुठली नेसायची, एवढाच माझा अभ्यास. हिशेबाच्या कागदांवर सेक्रेटरी पेन्सिलीने फुल्या मारून ठेवायचा. मी फुलीवर सही ठोकायचे आणि ढोकळ्याकडे वळायचे. अशी दोन वर्षं. "ताई म्हणजे आमची लक्ष्मी," शेठ म्हणायचे, आणि ही बया चक्क लाजायची!

तिसऱ्या वर्षी ताळेबंद वाचायची दुर्बुद्धी झाली. विक्री घटलेली, शिल्लक माल मात्र फुगलेला, त्या जोरावर नफा तसाच. माल कल्याणच्या गोदामात. बँकेत असताना तारण माल मी पिंपं वाजवून तपासायचे. कुणाला न सांगता रिक्षाने गेले. पुढच्या रांगेत किल्ली आपटली, ठक्. भरलेलं. मागे शिरले. ठणण्. रिकामं. शेजारचंही रिकामं. त्यामागचंही.

"मॅडम, काय करताय?" रखवालदार पाठीशी उभा.

"काही नाही बाबा, चक्कर आली, टेकले जरा." त्याला ते खरंच वाटलं, त्याने स्टूल आणून दिलं.

घरी आमचे हे म्हणाले, "अगं, राजीनामा दे आणि मोकळी हो."

"आणि आधीच्या दोन सह्या?"

पुढचे चार दिवस बेल वाजली की मला दारात पोलीस दिसे. एकदा तर कुरिअरवाल्यालाच "या साहेब" म्हणाले.

बैठकीत कागद पुढे आले. "करा ना सही, ताई. चहा गार होतोय," शेठ म्हणाले.

"मागची पिंपं उघडा." आवाज इतका बारीक की शेजारी बसलेल्या ऑडिटरने "काय?" विचारलं. पुन्हा बोलावं लागलं. "गोदामातली मागच्या रांगेतली पिंपं रिकामी आहेत. उघडून मोजा. तोवर सही नाही."

शेठ हसले. "मग दोन वर्षं कशी केलीत?"

याच प्रश्नाने माझी झोप उडवली होती.

"न बघता केली," मी म्हटलं. "तेही इतिवृत्तात घ्या."

सेक्रेटरीने शेठकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मॅडम, असंच लिहू?"

"असंच."

त्याने लिहिलं आणि मोठ्याने वाचलं: संचालिकांनी मागील दोन वर्षांचे हिशेब न तपासता मंजूर केले. "आता पिंपांचंही लिहा," मी म्हटलं.