कुंकवाखालचा गंज

साडू गेले, असं बायकोनं सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, ‘नक्की?’ पुढे आठवडाभर तिनं मला जेवायला वाढलं, पण बोलली नाही. दिगंबरराव म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. माझं त्यांच्याशी पटलं नाही, त्यांचं माझ्याशी त्याहून नाही. ते गेले म्हणून आता ते प्रेमळ होते असं लिहायला मला जमणार नाही.

सत्तरीच्या दशकाच्या शेवटी वाशीत त्यांनी तळमजल्याचं घर घेतलं आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एकाच माणसापुरतं विमान बांधायला काढलं. विमानांच्या वर्कशॉपात इंजिनिअर, उडवायचं लायसन्स खिशात. आपण बांधलेलं आपणच उडवायचं, एवढा एकच हट्ट. पोलादी नळ्या जोडून सांगाडा उभा राहिला, पण खाडीचा वारा असा की आज घासलेली नळी उद्या तांबूस. मी रंगाच्या कंपनीत विक्रेता. ‘प्रायमरचं माझ्यावर सोडा,’ म्हणालो आणि तिथेच फसलो. दर रविवारी हातात सुती मोजे घालून, उताणा पडून मी पॉलिश पेपरनं नळ्या घासायचो. ‘घामाचं बोट लागलं तरी गंज धरतो, राव. रंग विकणाऱ्याला एवढं ठाऊक असेलच.’ ते जितके चिडत तितके आदबीनं बोलत.

पंखाचा टेकू जिथे बसणार ती नळी मी घासून चांदीसारखी केली, त्या दिवशी खंडेनवमी होती. दिगंबरराव ड्यूटीवर. करवती, पान्ह्यांची पूजा करायची आणि विमानाला तसंच ठेवायचं, हे मला पटेना. ओल्या कुंकवानं त्या नळीवर स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, पाणी शिंपडलं... आणि ते यायच्या आत फडक्यानं पुसून टाकलं. संध्याकाळी हातात स्प्रे घेऊन त्यांनी विचारलं, ‘पुसलंय?’ म्हटलं, ‘पुसलंय.’ आयुष्यात तेवढं एकदाच त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला.

पुढचा पाऊसकाळ सरला आणि पिवळ्या प्रायमरखालून गंजाचं स्वस्तिक वर आलं. चारी ठिपक्यांसकट. त्यांनी त्यावरून नख फिरवलं. ‘वा, शुभ झालं,’ म्हणाले. खरवडल्यावर खाली बारीक खड्डे निघाले. मी म्हणालो, ‘घासून परत मारू की. वरून काय दिसणारे?’

‘वरून कोणाला बघायचंय? मी आत बसणार आहे.’

आणि त्यांनी करवत घेऊन ती नळी कापलीच. नवी बसवायची तर शेजारचे जोड उकला, सांगाडा परत ओळंब्यात आणा, वर्ष गेलं. त्याच वर्षी लायसन्सच्या तपासणीत डॉक्टरांना त्यांच्या हृदयात खोट सापडली. लायसन्स गेलं. त्या दिवशी सांगाड्यावर ताडपत्री टाकताना ते म्हणाले, ‘लागलं हो तुमचं कुंकू.’

‘कुंकू माझं, करवत तुमची,’ मी म्हणालो. त्यानंतर आम्ही फक्त लग्नाकार्यात बोललो. ‘घ्या ना अजून एक जिलबी,’ इतपत. ती नळी टिकली असती, ते उडाले असते, असं मी आजही म्हणतो. समोर ऐकायला माणूस नाही, ही पंचाईत.

परवा मेव्हणीनं बोलावलं. ‘भंगारवाला मागे लागलाय, मधुकरराव. एकदा बघून घ्या, मग देते.’ मी टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन शेडमध्ये गेलो, ताडपत्री ओढली आणि त्यांनी बसवलेल्या नळीखाली उताणा पडलो. मला गंज हवा होता. नखाएवढा. त्यांच्या हातच्या कामात एक ठिपका सापडला असता तर सगळ्या जिलब्या वसूल झाल्या असत्या. इतकी वर्षं खाडीचा वारा खाऊन ती पिवळीधमक... जोडाच्या मागे आरसा धरून पाहिलं. तिथेही काही नाही.

बाहेर आलो तर मेव्हणीनं विचारलं, ‘काय मग, देऊ?’

‘एवढ्यात नको. माझं बघून व्हायचंय अजून.’

‘किती दिवस बघणार?’

म्हटलं, ‘येत जाईन रविवारी.’